बिनआवाजाचं अस्तर

लडकू भोईरने कामतघरात नुसतं ‘लाइट गेली’ म्हटलं, तरी माणसं आधी मान वर करून पंख्याकडे बघत. एवढी त्याची पत. वज्रेश्वरीच्या गरम कुंडात त्याच्या हातून कोंबडीचं अंडं पडलं आणि आतून पिल्लू निघालं, ते उकडलेलं होतं पण चालत होतं. कशेळीच्या खाडीत त्याने जिताडा धरला, त्याच्या पोटात लूमचा धोटा निघाला आणि धोट्यातला धागा अजून संपला नव्हता. असल्या गोष्टी त्याने चाळीस वर्षं जानकीबाईच्या चहाच्या टपरीवर सांगितल्या, आणि चाळीस वर्षं माणसांनी त्या बिस्किटासारख्या चहात बुडवून खाल्ल्या. थाप मारण्यात त्याचा फायदा काही नव्हता. पोट जॉबरकीवर चालत होतं. अय्यूबशेठच्या चोवीस लूमपैकी कुठलाही बिघडला की पाना घेऊन तो त्याच्या पोटात शिरे आणि चालू करूनच बाहेर येई. थाप हा शौक होता. लूम लागतो, पट्टा लागतो, दारूसुद्धा लागते, पण थाप कुणाला लागत नाही, असा त्याचा आजवरचा अनुभव होता. मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी ती लागली.

झालं तसं काहीच नव्हतं. कशेळीच्या गोदामात कामाला असलेला भूपेश ड्युटीला निघण्याआधी टपरीवर थांबला आणि त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर वरून काढलेलं एक राखाडी शहर, त्यातली एक राखाडी गच्ची, गच्चीवर बेरजेचं चिन्ह, आणि मग गच्चीच्या जागी धूर. भूपेशने मोबाइलचा आवाज बंद ठेवला होता, बाकी काही नाही. पण तो लडकूला कोपराने ढोसून म्हणाला, ‘‘काका, मानलं तुमच्या अस्तराला. बघा, पडला तरी आवाज न्हाय.’’ रिक्षावाला नामा हसला, लडकूही हसला, कारण आपल्या थापेवर कुणी मजला चढवला तर घरमालकाने हसायचं असतं. हसता हसता त्याने बाजूला बघितलं तर अय्यूबशेठ उभा होता. बशी ओठापर्यंत गेलेली. त्याने ती तशीच भरलेली खाली ठेवली, एकही थेंब सांडू दिला नाही, आणि रस्ता ओलांडून कारखान्यात गेला. जानकीबाई भूपेशला म्हणाली, ‘‘तुझ्या जिभेला काय हाड? त्याची नूरी तिकडंच दिलीय. तीन आठवडे झाले, फोन लागंना तिचा.’’ भूपेशचा चेहरा पडला. ‘‘मला काय ठाऊक, मावशी. हे तर काकांचंच बोलणं.’’ हे तर काकांचंच बोलणं. लडकूने बशीकडे बघितलं. चहावर साय धरत होती आणि सायीवर वरच्या पत्र्याचं राखाडी प्रतिबिंब पडलं होतं, वरून काढलेल्या गावासारखं.

ते बोलणं दोन महिन्यांपूर्वीचं. समुद्रापलीकडच्या लढाईच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या आणि भूपेश टपरीवर सगळ्यांना ग्लाइड बॉम्ब समजावून सांगत होता. याला इंजिन नसतं, विमान त्याला सत्तर किलोमीटरवरून सोडून माघारी फिरतं, सोडल्यावर याचे पंख उघडतात, आणि मग तो उपग्रहाला पत्ता विचारत विचारत येतो, घारीसारखा, पंख न हलवता, आणि सांगितलेल्या खिडकीतून आत जातो. नामाला ते पटेना. सत्तर किलोमीटर म्हणजे कसारा. कसाऱ्याला सोडलेली वस्तू कामतघरात जानकीबाईच्या टोपात बरोबर पडेल? रिक्षाला पत्ता सापडत नाही. लडकूला मात्र ते पहिल्या फटक्यात पटलं, कारण धोटा तरी दुसरं काय करतो. बाजूच्या दांडीने फटका मारला की धोट्याचा आणि दांडीचा संबंध संपला. मधलं अंतर तो कुणाच्याही हातात नसतो. आपला आपण जातो, पोटातला धागा मागे सोडत जातो, आणि पलीकडच्या पेटीत बरोबर शिरतो. पण एवढं साधं सांगून टपरीवरून उठेल तो लडकू कसला. तो म्हणाला, ‘‘आणि येताना आवाज का होत न्हाय, ते कुणी सांगितलं का तुला?’’ भूपेश म्हणाला, ‘‘इंजिन नाही म्हणून.’’ ‘‘येडा हायस. एवढं मोठं धूड वाऱ्यातनं येतं, शिट्टी वाजंल का न्हाय? पंखाला आतून अस्तर असतं. सुती. घट्ट विणीचं. वारा त्यात मुरतो. सात नंबरच्या लूमवर श्रावणात जो माल काढला, तो कसला वाटला तुला?’’ दोन दिवस टपरीवर दुसरं काही बोललं गेलं नाही. नामाने तर एका पॅसेंजरला कारखाना लांबून दाखवलासुद्धा.

आता खरी गंमत इथेच आहे, आणि ती गंमत गेल्या गुरुवारपासून लडकूच्या छातीवर उकिडवी बसली होती. त्याच्या प्रत्येक थापेत तो एक दाणा खरा घालत असे, मुठीत धरायला. जिताडा खरा होता, अंडं खरं होतं. या थापेतला खरा दाणा कोणता, हे त्यालाच सांगता येत नव्हतं. श्रावणात माल लागला तेव्हा अय्यूबशेठ कारखान्याच्या दारात उभा राहून, मधे चोवीस लूम बडवत असताना, त्याला ओठांनी म्हणाला होता: पुर्जे का माल है, किनारी सादी रख. निदान लडकूने तसं वाचलं होतं. चाळीस वर्षांत लूमने त्याचे कान खाल्ले होते. डाव्याने तर राजीनामाच दिला होता. पण कारखान्यात कान लागतो कुणाला? तिथे सगळे ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात, आणि लडकूएवढं लांबून ऐकणारा सबंध कामतघरात नव्हता. एकच अडचण असते. प, ब आणि म, तिन्हीला ओठ सारखेच मिटतात. एकदा सूत गुंडाळायच्या रुळाबद्दल अय्यूब पलीकडून म्हणाला, बीमचं माप गेलं, आणि लडकूने वाचलं, बाप गेला. त्याने एकेक करून चोवीस लूम बंद केले, डोक्याचा रुमाल सोडला आणि रडत बाहेर आला, तर अय्यूबचा बाप ओट्यावर बसून पाव खात होता. म्हातारा पुढे अकरा वर्षं जगला आणि लडकू दिसला की विचारायचा, ‘‘काय रं, आज हाय का गेलो?’’

पुर्जे म्हणजे मशीनचे भाग. सुती पांढरं कापड मशीनच्या कुठल्या भागाला लागतं, हा प्रश्न लडकूला तेव्हा पडला होता, आणि प्रश्न पडला की त्याच्याकडे उत्तर आधीच शिजून तयार असे. गठ्ठ्यांवर कंपनीचं नाव नव्हतं. गठ्ठे बंदराकडे गेले. टपरीवर अस्तराची गोष्ट सांगताना तो सगळं खोटं सांगतोय असं त्याला वाटत होतं. आता रात्रंदिवस तेच उलटून येत होतं. खोटं, हे कुणी ठरवलं? तू मालक आहेस बाजाराचा? कापड बंदरात गेल्यावर दांडीचा आणि धोट्याचा संबंध संपला. पलीकडे कुठल्या पेटीत शिरलं ते तुला काय ठाऊक. आणि खरंच ते तिथे लागलं असेल, खरंच वारा त्यात मुरत असेल, तर नूरीला आवाज आला नसेल. खिडकीत उभी असेल. कपडे वाळत घालत असेल. शिट्टी वाजली असती तर ती निदान खाली बसली असती.

त्या गुरुवारपासून अय्यूब टपरीवर आला नाही. कारखान्यात काम सांगायचा, तेही बोटाने. ओठ हलवायचाच नाही, आणि ज्या माणसाशी ओठांनीच बोलायचं त्याने ओठ मिटले म्हणजे दार लावल्यासारखं होतं. लडकूला रोज वाटायचं, आज सांगावं. शेठ, ते अस्तर-बिस्तर सगळी थाप होती. पण नूरीची बातमी यायच्या आत सांगायला हवं होतं. वाईट बातमी आल्यावर सांगितलं तर ती माफी दिसली असती, आणि त्याला माफी नको होती, त्याला आपला शब्द परत हवा होता. जन्मात कधी परत मागितला नव्हता. कसा मागतात तेही माहीत नव्हतं. आणि समजा सांगितलं, तर थापाड्याची ‘ही थाप होती’ ही सुद्धा एक थापच नाही का? बायको चंद्रा त्याला ताट वाढताना म्हणाली, ‘‘आठ दिस झाले, घरात एक खोटा शब्द बोलला न्हाईत. काय दुखतंय का?’’

दुखत होतं. मंगळवारपासून त्याची उजव्या हाताची करंगळी ओढली जात होती. मुंगी नव्हे, पेटका नव्हे. कुणीतरी करंगळीला दोरा बांधून लांबून हलकेच, पण सरळ, एका दमात ओढावा, आणि दोरा सुटून यावा, तशी. पहिल्यांदा झालं तेव्हा तो सात नंबरपाशी वाकलेला होता, हातातला पाना खाली पडला. मग दुपारपर्यंत तीनदा. चंद्राने लसणाचं तेल चोळलं. ‘‘वात हाय. उतारवयात सगळ्यांना असतो.’’ पण वाताला मोजदाद नसते, आणि हे मोजता येत होतं. एकेक, वेगळं, मधे सोडून. लूम किती वेळा बंद पडला त्याच्या रेघा जॉबर खडूने लूमच्या चौकटीवर मारतो. हाताची सवय, लडकूने सात नंबरच्या चौकटीवर रेघ मारली. मग दुसरी. बुधवारी सकाळी सलग चार. भाकरी मोडताना ओढ आली तर तो जेवण आटपून कारखान्यात जाई आणि लक्षात ठेवलेली रेघ मारून येई. गुरुवारी संध्याकाळी शिफ्ट सुटताना त्याने मोजल्या, आणि रुमालाने पुसून टाकाव्या असा विचार केला, आणि पुसल्या नाहीत.

कारण करंगळीची ही ओढ कुठून आली ते त्याला ठाऊक होतं. त्याने ते मनात मागे, लूमच्या खालच्या अंधारात, तेलाच्या डब्यांमागे ढकलून ठेवलं होतं. नूरी सहा-सात वर्षांची होती. आई गेल्यावर अय्यूब तिला कारखान्यात आणायचा, कानात कापूस घालून कापडाच्या ताग्यावर बसवायचा. आवाजात तिचं तोंड चालूच असे, आणि लडकू ते चालता चालता वाचे. एकदा ती म्हणाली, काका, एवढं सगळं पांढरं कापड, यातलं तुमचं कुठलं? साधा प्रश्न होता. पण तोवर कुणी विचारला नव्हता. जॉबरचं कापड कुठलं? कापड लूमवाल्याचं, सूत व्यापाऱ्याचं, विणणारा कारागीर वेगळा, जॉबरचा फक्त बिघाड. लडकूने त्या दिवशी मागे एक वेगळी बॉबीन टांगली आणि किनारीत, डावीकडून तिसरा, एक पिवळा धागा सोडला. पिवळा का, तर आगऱ्याच्या घरी हळदीएवढा मोठा सण नाही. लग्न एक दिवस आणि हळद तीन दिवस. हा बघ, हा मी. मग हे कापड कुठं जातं? लांब. दर्यापार. मग तुम्हाला कसं कळतं ते पोचलं? आणि लडकूच्या तोंडून, काही विचार न करता, जन्मातली सगळ्यात सुंदर थाप बाहेर पडली. धाग्याचं एक टोक माझ्या करंगळीला हाय, तो म्हणाला. जगात कुठंही हा पिवळा दिसला, तर ओढ. इकडं माझी करंगळी ओढली जाईल. मना कळंल, नूरी पोचली.

ती कितीतरी दिवस ताग्यांच्या कडेला बसून धागे ओढायची आणि मान वर करून बघायची, आणि लडकू कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला पाना टाकून करंगळी धरून विव्हळायचा. ती हसायची. हसू ऐकू येत नसे. कापसाचे दोन पांढरे बोळे आणि मधे उघडं तोंड, एवढंच. पुढे ती मोठी झाली, शिकली, बंदरावर क्रेन चालवणाऱ्या माणसाशी तिचं लग्न झालं आणि कापडाच्याच वाटेने ती दर्यापार गेली. पिवळा धागा मात्र लडकूने सोडला नाही. व्यापारी कुरकुरले, मग सवयीचे झाले. अय्यूब म्हणायचा, किनारी सादी रख, आणि लडकू मान हलवायचा, आणि बॉबीन टांगायचा. श्रावणातल्या मालातही टांगली होती. स्वतःच्या थापेला घाबरणारा थापाड्या, असं कुणी टपरीवर सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता. आता तो उजवा हात खिशात घालून चालत होता.

शुक्रवार होता. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद असतात. परक्या माणसाला त्या दिवशी बरं वाटतं. इथे जन्मलेल्याला नाही. आवाजात इथली पोरं झोपतात, आणि आवाज थांबला की रडत उठतात. लडकूच्या कानांना बाहेरचं फारसं ऐकू येत नव्हतं, पण लूम त्याला पायातून ऐकू येई, गटाराच्या फरशीतून, भिंतीला टेकलेल्या पाठीतून. शुक्रवारी पाय बहिरे होत. गल्लीतून चालताना जमीन मेल्यासारखी लागत होती. नामा रिक्षा पुसत होता, त्याने तोंड हलवलं: काय काका, आज कुठं? लडकूने हात वर केला. वर बघितलं. कारखान्यांच्या पत्र्यांवरच्या पांढऱ्या आकाशात, कशेळीच्या बाजूला, एक घार होती. पंख न हलवता ती एका बाजूला कलली, थोडी खाली आली, पुन्हा सरळ झाली. पत्ता विचारत होती. लडकू भिंतीला चिकटून उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की आपण भिंतीला चिकटलोय, आणि जानकीबाईच्या बंद टपरीच्या फळीआडून मांजर आपल्याकडे बघतंय. तो पुढे निघाला. आठ दिवस हेच चाललं होतं. अंतरं मोजणं. कसाऱ्याहून सुटलं तर वज्रेश्वरीच्या बाजूने येईल का शहापूरच्या; कामतघरावर यायला किती वेळ; सोडणारा तोवर परत जाऊन चहा पीत बसला असेल का; चहा पिताना बशी वापरत असेल का.

कारखान्याचा दरवाजा अर्धा उघडा होता. अय्यूब आत, सात नंबरपाशी, कापडाच्या ताग्यावर बसला होता. जुम्म्याचे पांढरे कपडे, हातात मोबाइल. चोवीस लूम दोन्ही बाजूंना पोटातले धागे ताणून उभे. लडकू आत गेला. माणसं असली की तो ‘शेठ’ म्हणे आणि ‘तुम्ही’. एकटे असले की अय्यूब, आणि तू. दोघांनी एकाच ओढ्यात खेकडे धरले होते.

‘‘अय्यूब,’’ तो म्हणाला.

‘‘ओरडतो कशाला? लूम बंद हाय.’’ अय्यूबचे ओठ आठ दिवसांनी हलले. लडकूला बरं वाटलं, नुसते हलले म्हणून. मग अय्यूबने बोट चौकटीवर ठेवलं. ‘‘ये क्या है? तीन दिवसांत सात नंबर अठरा वेळा बंद पडला?’’

‘‘न्हाय पडला.’’

‘‘मग रेघा कसल्या?’’

लडकूने उजवा हात खिशातून काढला नाही. ‘‘मना दुसरं सांगायचंय. ते अस्तराचं मी बोललो ना टपरीवर, ते खोटं हाय.’’

‘‘तुझं खरं काय असतं?’’

‘‘न्हाय, तसं न्हाय. ऐक. खोटं म्हणून सांगितलं, पण आता मनाच ठाऊक न्हाय, खोटं हाय का. तूच सांगितलं होतंस ना, पुर्जे का माल. तर कसल्या पुर्ज्यांचा होता? कुठं गेला? तेवढं सांग. मग मना शिव्या दे, कामावरनं काढ.’’

अय्यूब त्याच्याकडे बघत राहिला. ‘‘पुर्जे?’’

‘‘तू बोललास. इथंच, दारात उभा राहून. पुर्जे का माल है, किनारी सादी रख.’’

अय्यूबने मोबाइल मांडीवर ठेवला. दोन्ही हातांनी तोंडावरून चेहरा पुसावा तसं केलं, मग लडकूकडे तोंड करून, एकेक अक्षर, जसं लूम चालू असताना नव्या माणसाला सांगतात तसं, आवाज न काढता म्हणाला. ओठ मिटले. उघडले. गोल झाले.

लडकू म्हणाला, ‘‘तेच. पुर्जे.’’

‘‘मुर्दे,’’ अय्यूब म्हणाला, मोठ्याने. बंद कारखान्यात तो शब्द लडकूच्या उजव्या कानापर्यंत पोचला. ‘‘मुर्दे का माल, लडकू. कफनचं कापड होतं. तिकडच्या लोकांसाठी एका ट्रस्टने घेतलं. म्हणून बोललो किनारी सादी ठेव. मय्यतीच्या कपड्यात रंग चालतो का? माल गेल्यावर उरलेल्या तुकड्यात मला दिसलं, तू पिवळा टाकला. बोललो तरी टाकला. मग तुझं टपरीवर ऐकलं, बमचे पंख म्हणून सांगतोस. म्हटलं, साला कफनची मस्करी करतो. माझी पोरगी तिथं, आणि हा कफनची मस्करी करतो.’’ तो थांबला. ‘‘पुर्जे,’’ तो म्हणाला, आणि त्याच्या खांद्यांना हसू आलं, वाईट, कोरडं, थांबेना असं. ‘‘बाप गेला... पुर्जे... अरे, तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय का काय?’’

लडकू चार नंबरच्या बीमवर टेकला. आठ दिवस तो एका टोकाला उभा राहून कापत होता, आणि टोकच चुकलं होतं. कापड सोडणाऱ्याकडे गेलंच नव्हतं. ते खाली गेलं होतं, गच्चीखाली, बेरजेच्या चिन्हाखाली, वर न बघितलेल्या माणसांकडे. त्याला हलकं वाटायला हवं होतं. त्याने वाट बघितली. हलकं वाटलं नाही. दोन महिने टपरीवर तो हसत हसत सांगत होता की आपलं कापड आवाज खाऊन टाकतं, आणि ते खरं होतं, तेवढंच खरं होतं. त्यात गुंडाळल्यावर कुणाचाच आवाज येत नाही.

‘‘नूरीचा आवाज आला सकाळी, मोबाइलवर भरून पाठवलाय,’’ अय्यूब म्हणाला.

लडकूने त्याच्या ओठांकडे बघितलं. पुन्हा चुकीचं वाचलं असेल म्हणून त्याने मान पुढे केली.

‘‘जिवंत हाय. नवरा पण. घर गेलं. तुझ्याकडंच निघालो होतो, पण इथं या रेघा दिसल्या, बसलो. तुझ्यासाठी पण काय तरी बोललीय, मला नीट समजलं न्हाय. ऐक.’’ त्याने मोबाइल लडकूच्या उजव्या कानाला लावला. लडकूला खरखर ऐकू आली, वाळूतून पाणी जावं तशी, आणि तिच्या तळाशी एक बारीक बाईमाणूस. त्याने मान हलवली. तेव्हा अय्यूबने मोबाइल स्वतःच्या कानाला धरला आणि पोरीचं बोलणं ऐकत ऐकत, आवाज न काढता, ओठांनी म्हणू लागला. आणि साठीच्या म्हाताऱ्याच्या दाढीतून लडकूने नूरीला वाचलं. अब्बा, आम्ही हाव. घर न्हाय, पण हाव. मंगळवारी सकाळी रस्त्याच्या पलीकडची घरांची सगळी लाइन गेली. काही ऐकू आलं न्हाय, आधी उजेड दिसला. मी बायकांबरोबर मय्यतीचं काम करते, इथं हात कमी पडतात. कापडाचे गठ्ठे आलेत. पहिला उघडला तर किनारीला पिवळा धागा, डावीकडून तिसरा. मी तिथंच खाली बसले. बायकांना वाटलं, मला चक्कर आली. त्यांना काय सांगू, माझे काका हाय म्हणून? कफनात रंग ठेवत न्हाईत, म्हणून मी प्रत्येक तुकड्यातला ओढून काढते. सरळ येतो, एका दमात. काकांना विचार, करंगळी दुखली का.

अय्यूबचे ओठ थांबले. ‘‘ये करंगळी का क्या है?’’

‘‘किती काढले?’’ लडकू म्हणाला.

‘‘क्या?’’

‘‘धागे. किती काढले, बोलली का?’’

अय्यूबने मोबाइल पुन्हा कानाला लावला, पुढचं ऐकलं. त्याने तोंड उघडलं आणि मग त्याची नजर लडकूवरून सरकली, चौकटीवर गेली, आणि तिथेच राहिली. ओठ हलले तेव्हा त्यात प, ब, म काही नव्हतं. चुकायला जागाच नव्हती. अठरा. काल संध्याकाळपर्यंत.

बाहेर गल्लीतून कुणीतरी सायकल नेली, तिची सावली दाराच्या फटीतून लूमवरून सरकत गेली, चोवीस वेळा मोडली. लडकूच्या मनात आलं की हे टपरीवर सांगितलं तर काय होईल. भूपेश हसेल. नामा म्हणेल, काका, यात तो जिताडा पण घाला. जन्मभर सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत ही एकच होती जिला त्याने हात लावला नव्हता, आणि हीच कुणी घेणार नव्हतं. अय्यूबसुद्धा घेईल का? अय्यूब रेघांकडे बघत होता आणि त्याचा चेहरा हिशेब न लागलेल्या माणसासारखा नव्हता, हिशेब लागलेल्या माणसासारखा होता.

मग अय्यूबने मोबाइलवर अंगठा दाबून धरला आणि तो लडकूच्या तोंडासमोर केला. ‘‘तूच बोल,’’ त्याचे ओठ म्हणाले. ‘‘विचारते ती. काय ते सांग.’’

लडकूने तोंड उघडलं. न्हाय दुखली, असं म्हणायचं त्याने ठरवलं होतं; पोरीला तेवढी एक थाप द्यायची, शेवटची, चांगली विणून. जीभ दाताला टेकली होतीच. तेवढ्यात खिशातला हात कोपरापर्यंत सरळ झाला. हलकेच, एका दमात, लांबून कुणीतरी धागा ओढला आणि तो सुटून गेला.

अय्यूबने ते बघितलं. त्याने मोबाइल खाली घेतला नाही. लडकूने हात बाहेर काढला, लूमच्या खालच्या फळीवरचा खडू चाचपून उचलला, आणि अठरा रेघांच्या पुढे, थोडी जागा सोडून, वरून खाली एक रेघ ओढली. खडूचा आवाज त्याला ऐकू आला नाही. तो मोबाइलमध्ये गेला.